स्पिन कळतो, तरी बॉल नेटमध्ये का जातो? (टेबल टेनिस)

दापोलीच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलंय. थोडक्यात प्रश्न असा, की वर्ष-दीड वर्ष टीटी खेळतोय, समोरच्याने कट मारला (बॉल खालून घासला) हे दिसतं, तरी माझा बॉल नेटमध्ये जातो, आणि कधी उलट असा उडतो की तो आरामात स्मॅश मारतो. साईड स्पिनची सर्व्हिस घेतली की बॉल टेबलच्या बाहेर. आणि पावसाळ्यात तर काहीच लागत नाही, बॉल बॅटवरून घसरतो. कुठल्या स्पिनने बॉल नक्की काय करतो?

मी रत्नागिरीत बरीच वर्षं खेळतोय आणि मुलांना शिकवतोय. तू वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

पहिलं म्हणजे तुला स्पिन ओळखता येत नाही असं मला वाटत नाही. कट आहे हे तुला दिसतंय. तुला दोन गोष्टी दिसत नाहीयेत, एक म्हणजे कट किती आहे, आणि दुसरी म्हणजे तो कट नक्की कुठे काम करतो. स्पिन तीन ठिकाणी काम करतो, हवेत, टेबलवर टप्पा पडताना, आणि शेवटी तुझ्या बॅटवर. या तिन्ही ठिकाणी बॉल वेगवेगळं वागतो, आणि बहुतेक मुलं हवेतला बॉल बघून बॅट लावतात, तिथेच फसतात.

आधी एक नियम सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. बॉलला लागताना समोरच्याची बॅट ज्या दिशेला चाललेली असते, तुझ्या बॅटवर आल्यावर बॉल त्याच दिशेला पळतो. त्याची बॅट खाली गेली (कट), तर तुझ्या बॅटवरून बॉल खाली, म्हणजे नेटमध्ये. बॅट वर गेली (टॉपस्पिन), तर तुझ्या बॅटवरून बॉल वर उडणार. बॅट तुझ्या उजव्या हाताकडे गेली तर बॉल तुझ्या उजवीकडे पळणार, डावीकडे गेली तर डावीकडे. म्हणून आपण बरोबर उलटं करायचं, त्याची बॅट जिथून निघाली तिकडे निशाणा धरायचा. कट असेल तर वर, टॉपस्पिन असेल तर खाली, साईड असेल तर जिकडून बॅट आली त्या बाजूला.

आता गंमत म्हणजे हवेत बॉल याच्या उलट वागतो. बॅट वर गेली तर बॉल हवेत खाली झुकतो. बॅट खाली गेली तर बॉल हवेत तरंगतो, पडायचं नावच घेत नाही. बॅट उजवीकडे गेली तर बॉल हवेत डावीकडे वळतो. म्हणजे हवेत एक आणि बॅटवर बरोबर त्याच्या विरुद्ध, आणि डोळा हवेतला बॉल बघत असतो त्यामुळे हात चुकीच्या बाजूला जातो. तरंगत येणारा बॉल बघून वाटतं हा वरच जाणार, बॅट थोडी क्लोज होते (वरची कड पुढे झुकते), आणि बॉल सरळ नेटच्या खालच्या पट्टीत. तुझ्याबाबतीत नेमकं हेच होत असणार असं मला वाटतं.

हवेत असं का होतं? फिरणारा बॉल स्वतःबरोबर आजूबाजूची हवा ओढतो आणि मागे सोडताना ती एका बाजूला ढकलतो, मग बॉल स्वतः दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात, क्रिकेटमधला ड्रिफ्ट पण हाच. फक्त टीटीचा बॉल जेमतेम २.७ ग्रॅमचा आणि ४० मिलिमीटरचा, म्हणजे आकाराच्या मानाने एकदम हलका, त्यामुळे इथे हा परिणाम डोळ्याला सरळ दिसतो. टॉपस्पिनचा फायदा इथेच आहे. नेट १५.२५ सेंटिमीटर उंच आणि पलीकडे टेबल १.३७ मीटर, एवढ्यात जोरात मारलेला बॉल बसवायचा तर तो नेटवरून गेल्यावर खाली यायला हवा, आणि ते काम टॉपस्पिन करतो. बिनस्पिनचा तेवढ्याच जोरात मारलास तर एकतर बाहेर जाईल नाहीतर नेटमध्ये, मधे जागाच फार थोडी.

आता टप्पा. टॉपस्पिनचा बॉल टप्प्यानंतर खाली राहून पुढे धावतो आणि कटचा बॉल टप्प्यानंतर थांबल्यासारखा होतो, हे सगळे सांगतात आणि साधारण खरं आहे. पण टॉपस्पिन म्हणजे प्रत्येक वेळी बॉल पुढे उडी मारणारच असं नाही. हिशेब करून बघ. बॉलचा घेर साधारण साडेबारा सेंटिमीटर. चांगल्या खेळाडूच्या लूपमध्ये (घासून मारलेल्या जड टॉपस्पिनमध्ये) बॉल सेकंदाला १०० च्या वर फेरे घेतो, म्हणजे बॉलचा पृष्ठभाग सेकंदाला साडेबारा मीटरने फिरतोय, ताशी ४५ किलोमीटर धर. बॉल पुढे जाण्याचा वेग यापेक्षा कमी असेल तर टप्प्याला टेबल त्याला पुढे ढकलतं, आणि तो खरंच उसळून अंगावर येतो. वेग जास्त असेल तर टॉपस्पिन असूनही टप्प्याला तो थोडा अडतोच. म्हणून हळू येणारा, उंच कमानीचा, भरपूर स्पिनचा लूप ब्लॉक करायला (बॅट नुसती लावून परत द्यायला) जास्त कठीण असतो. हळू येतोय म्हणून मुलं आरामात बॅट लावतात आणि बॉल मागच्या भिंतीवर. त्या लूपला बॅट चांगली क्लोज पाहिजे आणि टप्पा पडल्या पडल्या घ्यायला पाहिजे, उसळी पूर्ण व्हायच्या आत.

कटचं पण तसंच. उंच, हळू पडलेला जड कट टप्प्याला थांबतो, आणि अगदीच जास्त स्पिन असेल तर उलटा नेटकडे फिरतो. पण टेबलपासून लांब उभं राहून, खाली आणि वेगात मारलेला कट, म्हणजे चॉप, फारसा थांबत नाही, तो सपाट कोनातून येतो आणि टेबलला चाटून घसरत जातो. तो थांबेल म्हणून वाट बघितलीस तर बॉल अंगात घुसतो.

साईड स्पिनमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून जरा जास्त लिहितो. साईड स्पिन दोन प्रकारचा असतो. एकात बॉल भोवऱ्यासारखा फिरतो, म्हणजे आस उभी. भोवरा कसा जमिनीवर जागेवरच फिरतो, बाजूला पळत नाही, तसाच हा बॉल टप्प्याला बाजूला फारसा जात नाही, हवेत मात्र वळतो आणि बॅटवर बाजूला उडतो. दुसऱ्यात आस बॉलच्या जाण्याच्याच रेषेत असते, स्क्रू पिळल्यासारखा बॉल पुढे येतो. तो हवेत जवळजवळ सरळच येतो आणि टप्पा पडला की कचकन बाजूला वळतो. काही सर्व्हिसमध्ये आणि लॉबमध्ये (लांबून उंच उडवून परत दिलेल्या बॉलमध्ये) हा दिसतो, आणि अशा लॉबवर स्मॅश मारायला गेलेला माणूस हवेत बॅट फिरवतो ते यामुळेच. याला उपाय एकच, टप्प्याच्या अगदी जवळ घे किंवा टप्पा बघून मग पाय हलव, आधीपासून जागा धरून बसू नकोस. प्रत्यक्षात सर्व्हिसमध्ये हे सगळं मिसळलेलं असतं, थोडा कट, थोडी साईड, थोडा स्क्रू. पण सुरुवातीला पहिला प्रकारच जास्त भेटतो.

उदाहरण म्हणून नेहमीची पेंड्युलम सर्व्हिस घे. उजव्या हाताने खेळणारा मुलगा फोरहँडने पेंड्युलम मारतो तेव्हा त्याची बॅट त्याच्या उजवीकडून डावीकडे येते, म्हणजे तुझ्या बाजूने बघितलं तर तुझ्या डावीकडून उजवीकडे. बॉल हवेत तुझ्या डावीकडे वळत येतो, तू उजव्या हाताचा असशील तर बॅकहँडकडे. आणि तू बॅट नुसती सरळ लावलीस की बॉल तुझ्या उजवीकडे पळतो, बाजूच्या रेषेबाहेर. मग काय करायचं, बॅट त्याची बॅट जिकडून निघाली त्या बाजूला वळव, म्हणजे तुझ्या डावीकडे निशाणा. किती वळवायची ते त्याच्या स्पिनवर. रिव्हर्स पेंड्युलम असेल तर सगळं उलट. पाठ करायची गरज नाही, त्याची बॅट कुठून कुठे गेली एवढंच बघ.

आणि ते बघता यावं म्हणूनच नियम आहे. सर्व्हिस करताना बॉल किमान १६ सेंटिमीटर वर उडवायचा, आणि २००२ पासून बॉल आणि बॅट लागण्याची जागा अंगाने किंवा हाताने झाकायची नाही, रिसीव्हरला दिसलीच पाहिजे. गावातल्या मॅचमध्ये हे कोणी पाळत नाही, खांद्याआड सर्व्हिस सर्रास चालते. तू बिनधास्त बोल, तो तुझा हक्क आहे. मात्र बघायचं ते बॅट बॉलला लागते तो क्षण. लागल्यानंतर हात वर उचलणं, कोपर फिरवणं, पाय आपटणं, हे सगळं फसवायला असतं, बॉल तोपर्यंत निघून गेलेला असतो.

आता किती स्पिन हा प्रश्न, तुझा बॉल उडतो तो इथे. कट दिसला म्हणून तू बॅट पूर्ण ओपन करून (तोंड वर करून) उचलतोस, पण त्यात कट नसतोच. चांगला खेळाडू दोन-तीन जड कट मारून झाले की त्याच हाताने बिनस्पिनचा बॉल टाकतो, बॅट तशीच खाली जाते, फक्त बॉल घासला जात नाही, ढकलला जातो. ओळखायच्या खुणा आहेत. बॉल घासला तर आवाज बारीक येतो किंवा येतच नाही, ठोकला किंवा ढकलला तर लाकडाचा टॉक असा ऐकू येतो. बॅट वेगात गेली पण बॉल हळू निघाला तर ताकद स्पिनमध्ये गेली, बॉल जड आहे. बॅट वेगात गेली आणि बॉलही वेगात आला तर स्पिन त्या मानाने कमी. बॅटच्या टोकाकडे लागला तर स्पिन जास्त, कारण टोक सगळ्यात वेगाने फिरतं, दांड्याजवळ लागला तर कमी. आणि बॉलवरचा शिक्का बघायची सवय लाव. शिक्का वाचता येण्यासारखा हळू फिरत असेल तर स्पिन नाही, पुसट होऊन बॉल एकसारखा पांढरा दिसला तर आहे. हे लगेच जमत नाही पण महिनाभर मुद्दाम बघत राहिलास की दिसायला लागतं, माझ्याकडच्या लहान मुलांना पण दिसतं.

अजून एक गोष्ट मी मुलांना सारखी सांगतो. घाबरून बॅट नुसती लावलीस की समोरच्याचा स्पिन सगळा चालतो. तू स्वतः बॅट फिरवून तुझा स्पिन दिलास की त्याचा स्पिन कमी जाणवतो. म्हणून पुश करताना (कटला हळूच कटनेच परत देताना) पण बॉलखाली बॅट नुसती धरू नकोस, बॉलच्या खालच्या भागावरून पुढे घास. मनगट सैल, पण शॉट पूर्ण. कटवर टॉपस्पिन मारायचा तर गुडघे वाकव, बॅट बॉलच्या खालून सुरू कर आणि वरच्या दिशेने घास, नुसता पुढे मारलास तर नेट ठरलेलं आहे.

हे सगळं झालं साध्या रबरबद्दल, म्हणजे ज्याला पकड आहे. आता खरी परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट. समोरच्याच्या बॅटला एका बाजूला लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर) किंवा अँटी-स्पिन (पकड नसलेलं रबर) असेल तर वरचा नियम बाजूला ठेवायचा. आपल्याकडे गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, मंडळाच्या टेबलवर मॅचेस होतात, त्यात एखाद्या काकांच्या बॅटला लाँग पिंपल असतोच आणि इथली चांगली चांगली मुलं त्यांच्यापुढे गारद होतात. कारण सोपं आहे. तू टॉपस्पिन मारलास, बॉल एका दिशेने गोल फिरतोय. साधं रबर तो बॉल पकडतं आणि आपला स्पिन देतं. लाँग पिंपलचे दाणे वाकतात, अँटीचं रबर गुळगुळीत असतं, दोन्ही बॉलला पकडतच नाहीत, त्यामुळे बॉल होता तसाच गोल फिरत राहतो, फक्त जायची दिशा उलटी होते. आणि दिशा उलटी झाली की तोच टॉपस्पिन तुझ्यासाठी कट होऊन येतो. तू कट दिलास तर टॉपस्पिनसारखा येतो. तू काहीच दिलं नाहीस तर तो पण काही देऊ शकत नाही. म्हणून अशा माणसाची बॅट बघू नकोस, तुझा स्वतःचा मागचा शॉट आठव. जोरात टॉपस्पिन मारलास ना, मग पुढचा बॉल जड कट आहे, तो वर काढायची तयारी ठेव.

याला रडीचा खेळ म्हणणारे खूप आहेत, मला ते अजिबात पटत नाही. मनिका बत्राने २०१८ च्या कॉमनवेल्थमध्ये सिंगल्सचं सुवर्ण मिळवलं ते बॅकहँडला लाँग पिंपल घेऊनच. २०२४ मध्ये बुसानला वर्ल्ड टीम चॅम्पियनशिपमध्ये भारताच्या ऐहिका मुखर्जीने तेव्हाच्या जगातल्या एक नंबरच्या, चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, ऐहिकाच्या बॅकहँडला अँटी होतं. डोकं लागतं याला. तुझ्या सोयीसाठी नियम पण आहे, बॅटच्या दोन बाजू वेगवेगळ्या रंगाच्या असतात, १९८६ पासून लाल-काळ्या आणि २०२१ पासून काळ्याबरोबर काही दुसरे रंग पण चालतात. मॅचच्या आधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघ, कुठल्या रंगाला काय आहे ते लक्षात ठेव. यात कमीपणा नाही, ती पद्धतच आहे.

आता पाऊस. हे कोकणात खेळणाऱ्यालाच कळतं. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की रबरवर पाण्याचा पातळ थर बसतो, बॉलवर पण आणि टेबलवर पण. स्पिन म्हणजे शेवटी घर्षण, आणि घर्षण गेलं की तिन्ही जागा बदलतात. तुझ्या बॅटवर बॉल घसरतो, घासून मारलेला टॉपस्पिन बॅटला चिकटत नाही आणि खाली पडतो. टेबलवर टप्पा घसरतो, त्यामुळे टॉपस्पिन पुढे उसळत नाही आणि कट थांबत नाही, दोन्ही सपाट येतात. आणि समोरच्याचा कट पण नेहमीपेक्षा हलका असतो, म्हणून तू नेहमीसारखी बॅट ओपन केलीस की बॉल उडतो. तुझं तंत्र पावसात बिघडत नाही, तू उन्हाळ्यातल्या स्पिनचा अंदाज घेऊन खेळतोयस.

आम्ही काय करतो ते सांगतो. एक सुका सुती नॅपकिन फक्त बॅट-बॉलसाठी, घाम पुसायचा वेगळा. फरशीवर पडलेला बॉल पुसूनच घ्यायचा. टेबल दर गेमला कोरड्या फडक्याने. खेळून झालं की रबर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण सुकवायचं, वर प्लास्टिकची फिल्म लावायची आणि बॅट कव्हरमध्ये, कव्हरमध्ये सिलिका जेलची पुडी. खिडक्या समुद्राकडे उघडत असतील तर त्या बाजूच्या बंद, एवढ्या हलक्या बॉलला तो वारा पुरतो आणि मग स्पिनने वळला की वाऱ्याने हेच कळत नाही. तरीही दमटपणा राहतोच, मग त्या दिवशी बारीक घासणं कमी करायचं, बॉल जरा जास्त आत, रबर दाबून मारायचा, आणि पुशला बॅट थोडी कमी ओपन. ज्यांचा खेळ सगळा स्पिनवर आहे त्यांना अवघड जातं, ब्लॉक आणि फ्लॅट मारणाऱ्यांची चांदी.

तुझी बॅट कुठली ते तू लिहिलं नाहीस आणि त्यावर खूप अवलंबून आहे. दुकानात मिळणारी स्वस्त तयार बॅट असेल तर तिचं रबर बहुतेक वेळा गुळगुळीत असतं, आणि जुनं रबर पण तसंच होतं. कोरड्या दिवशी, पुसलेल्या रबरवर बॉल दाबून ओढून बघ. अडकत अडकत आला तर पकड आहे, काचेवरून सरकल्यासारखा आला तर रबर गेलं. अशा बॅटने स्पिन शिकताच येत नाही, कारण तू देतोयस ते पोचत नाही आणि येतंय ते अर्धंच जाणवतं.

सराव कसा करायचा, तर आधी बॅट हलवायचीच नाही. मित्राला सांग की न सांगता हवा तो स्पिन टाक, आणि तू बॅट सरळ उभी, सैल हाताने धरून ठेव, बॉल लागू दे आणि कुठे जातो ते फक्त बघ. पॉइंट मोजू नका. बॉल येण्याआधी मोठ्याने बोल, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. अंदाज आणि बॉल जुळायला लागले की मग बॅटचा कोन बदलायला सुरुवात कर, आणि सगळ्यात शेवटी शॉट. बरेच जण शॉटपासून सुरू करतात त्यामुळे बॉल स्पिनने गेला की हाताने हे कधी कळतच नाही. एकटा असशील तर घरात फरशीवर पण होतं, बॉल कट करून समोर टाक, टप्पा पडून तो तुझ्याकडे परत आला पाहिजे. तो किती जोरात परत येतो त्यावरून तुझा स्पिन किती ते रोज समजतं, आणि स्वतःला देता आला की समोरच्याचा वाचायला सोपा जातो.

बॅटचं नाव, रबर किती जुनं आहे, आणि हॉल बंद आहे की उघडा एवढं कळव. पेंड्युलमशिवाय दुसरी कुठली सर्व्हिस त्रास देत असेल तर त्याची बॅट कुठून कुठे जाते ते लिही, त्यावरून कोन सांगतो.